रेडिओचा कान हाताने पिळावा की माऊसने?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थासाठी आपल्या ओळखीच्या हॅम मंडळींनी (परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांनी) संदेशांसाठी एक फिरता संच उभा करावा, असं बोलणं सुरू आहे. एचएफची (लांब पल्ल्याच्या लघुलहरींची) एक रिग, म्हणजे बोलायचा-ऐकायचा रेडिओ, दोन मीटर बँडचा जवळच्या पल्ल्याचा एक मोबाइल सेट, बॅटऱ्या, वायर अँटेना. बाकी सगळ्या यादीवर एकमत आहे, घोडं अडलंय ते एचएफच्या रिगवर. तरुण मंडळींचं म्हणणं, पुढे एकही बटण नसलेला काळा डबा घ्या आणि लॅपटॉपवरून चालवा. त्याच पैशात रिसीव्हर चांगला मिळतो. मला हे पटत नाही. चर्चेत नीट मांडता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं असं: ऐकता ऐकता ज्या गोष्टीला हात लावावा लागतो, तिला स्वतःचा नॉब हवा. म्हणजे फ्रिक्वेन्सी, आवाज, आरएफ गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते), आरआयटी (फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी किंचित सरकवणारं), फिल्टरची रुंदी. आणि पीटीटीला, म्हणजे बोलताना दाबायचं त्याला, खरंखुरं बटण. उरलेलं मेनूत गेलं तरी माझी तक्रार नाही.

संध्याकाळचा ४० मीटर बँड घ्या. सात मेगाहर्ट्‌झच्या वर सव्वाशे किलोहर्ट्‌झवर कुणीतरी पाच वॅटवर बोलतोय. दोन-अडीच किलोहर्ट्‌झ वर एक दांडगा सिग्नल बसलाय, तो बोलायला लागला की एजीसी (पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट) सगळंच खाली दाबतं आणि आपला माणूस बुडतो. अशा वेळी डावा हात आपसूक आरएफ गेनवर जातो, थोडा कमी करतो. उजवा हात फिल्टर आवळतो. बोलणाऱ्याची फ्रिक्वेन्सी सरकली, आवाज चिरका झाला, की आरआयटी केसभर खाली. हे सगळं डोळे मिटून होतं, कारण कान कामात असताना डोळ्यांना दुसरं काम दिलं की ऐकणं तुटतं. आता हेच माऊसने करून बघा. बाण कुठे आहे ते शोधा, स्लायडर शोधा, पकडा, ओढा, जास्त ओढला गेला, परत आणा. तोवर त्याचं कॉलसाइन (परवान्याचं ओळखनाव) सांगून झालेलं असतं.

दुसरं, आपल्याकडचा कुंभ श्रावण-भाद्रपदात येतो. गोदावरीकाठी रामकुंडाच्या बाजूला मांडवात बसलं तरी पावसाचे शिंतोडे येणारच. कपॅसिटिव्ह टचस्क्रीनला पाण्याचा थेंबही बोटासारखाच भासतो. काच ओली झाली की ती मनाने दाबली जाते, नाहीतर खरं बोट ओळखत नाही. नॉबला ओल्या हाताचं वावडं नाही.

तिसरं म्हणजे वीज. गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या (आपली पुराची खूण) छातीला पाणी लागल्यावर काठच्या भागात लाइट टिकेल असं कुणी गृहीत धरू नये. रिग बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. लॅपटॉपला त्याची वेगळी सोय करा, आणि तो बंद पडला की चांगली रिगही मुकी.

मतं येऊ द्या. विरोधातली आधी.

---

इंदिरानगर_४०मीटर

काका, विरोधातला पहिला मीच.

तुम्ही वर्णन केलेला संध्याकाळचा ४० मीटर माझ्या नशिबात नाही. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, सोसायटी गच्चीवर दांडा लावू देत नाही, बाल्कनीतून खाली सोडलेली वायर एवढीच अँटेना. आजूबाजूच्या घरांतले एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर यांचा गोंगाट रिगच्या सिग्नलमापकावर एस ७ च्या खाली क्वचित येतो. तोंडी बोलण्यात माझं कुणी ऐकत नाही आणि मला कुणाचं ऐकू येत नाही. एफटी८ आल्यावर माझा परवाना खऱ्या अर्थाने वापरात आला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: एफटी८ हा संगणकाने छोटे संदेश पाठवायचा-उकलायचा प्रकार जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणला. हे टेलर म्हणजे १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले, पल्सारवाले. १५ सेकंदांचे ठरलेले कप्पे, त्यात सुमारे १२.६ सेकंद प्रसारण, आठ स्वर, एका सिग्नलला ५० हर्ट्‌झ जागा. अडीच किलोहर्ट्‌झच्या गोंगाटाशी तुलना केली तर उणे २० डेसिबलपर्यंतचा सिग्नलही उकलतो. कानाला तिथे नुसती खरखर ऐकू येते. ७.०७४ वर रिग लावली की एका कप्प्यात वीस-तीस स्टेशनं एकदम पडद्यावर येतात. हे कुठल्या नॉबने करणार? इथे घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर असणं महत्त्वाचं, हात किती सराईत आहे त्याला काही अर्थ नाही.

आणि वॉटरफॉल, म्हणजे बँडवरचे सगळे सिग्नल दाखवणारं पडद्यावरचं सरकतं चित्र! नॉब फिरवणारा माणूस बँडचा एका वेळी एक अरुंद तुकडा ऐकतो. मी अख्खा बँड बघतो. कोण कुठे बोलतोय, कुठे जागा मोकळी आहे, कुणाचा सिग्नल पसरलाय, एका नजरेत. तिथे क्लिक केलं की थेट पोहोचलो. शोधण्यात वेळ जात नाही.

सिंहस्थात संदेशांची नोंद ठेवायची असेल तर लॅपटॉप लागणारच आहे ना? मग तोच रिगला जोडलेला का नको?

---

गोदाकाठ

वॉटरफॉलबद्दल पूर्ण सहमत. बँड बघायला स्क्रीनसारखं दुसरं काही नाही, आणि एफटी८ तर मुळात संगणकासाठीच जन्मलाय. तुमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांना त्याने बँडवर आणलं याचा मला मनापासून आनंद आहे.

पण "क्लिक केलं की पोहोचलो" हे सिग्नलजवळ पोहोचणं झालं. एसएसबीला (एचएफवर तोंडी बोलायच्या पद्धतीला) शेवटचे पन्नास-शंभर हर्ट्‌झ कानानेच जुळवावे लागतात. वॉटरफॉलवर एक पिक्सेल कितीतरी हर्ट्‌झचा असतो आणि एसएसबीत कॅरिअर (मधली स्थिर लहर) नसतो, त्यामुळे नेमकं कुठे क्लिक करायचं ते चित्रात दिसतच नाही. मी म्हणतोय ते त्या शेवटच्या शंभर हर्ट्‌झबद्दल.

नोंदीसाठी लॅपटॉप असावाच. कॅट केबलने (रिग आणि संगणक जोडणाऱ्या) फ्रिक्वेन्सी आपोआप लॉगमध्ये पडावी. फक्त तो बंद पडला तर रिग चालू राहिली पाहिजे.

---

अंबडचा_टर्नर

हॅम नाही, पण श्रोता जुना आहे. परीक्षेचा अभ्यास चाललाय. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही, कारण हाच वाद आमच्या शॉपमध्ये कधीच मिटलाय.

मी सीएनसी आणि व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या धातू कापायच्या मशिनवर काम करतो. सगळा प्रोग्रॅम संगणकातून, हजारो ओळींचा. स्क्रीन मोठी, अलीकडच्या मशिनला टचही. तरीही प्रत्येक कंट्रोलबरोबर एक हँडव्हील येतंच. कागदावर त्याला मॅन्युअल पल्स जनरेटर म्हणतात, आम्ही एमपीजी म्हणतो. एका फेऱ्यात १०० टिक. बाजूला एक्स-वाय-झेड निवडायचा स्विच आणि दुसरा एक-दहा-शंभरचा. एकवर ठेवलं की एका टिकला एक मायक्रॉन.

हे का ठेवलंय? जॉब लावताना टूल जॉबला टेकवायचा असतो. कटर आणि लोखंड यांच्यात पातळ कागद धरतो, कागद मागेपुढे हलवत दुसऱ्या हाताने एकेक टिक खाली येतो. कागद अडखळला की थांबायचं. त्या वेळी नजर कागदावर, कान कटरवर आणि बोटं चाकावर. स्क्रीनवर बाणाचं बटण दाबून हे करायला सांगितलं तर एक इन्सर्ट (कटरचं पातं) फुटल्याशिवाय राहणार नाही. शंभरवर भरभर जवळ यायचं, दहावर अजून जवळ, मग एकवर टेकवायचं.

आणि लाल इमर्जन्सी बटण. ते कुठल्याही मशिनला स्क्रीनवर दिलेलं मी पाहिलं नाही. तळहाताने मारायचं असतं.

गोदाकाठ काका, तुमची आरआयटी म्हणजे आमचं एकचं स्केल.

---

नवशिका_हॅम

काय सुंदर समजावलंत टर्नर दादा! मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवान्याची परीक्षा दिली, सध्या संगणकाला रेडिओचं यूएसबी डोंगल लावून आणि नेदरलँड्‌सच्या ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरवर (इंटरनेटवरून चालवायच्या रिसीव्हरवर) ऐकतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांचं मायक्रोबिटएक्स किट घ्यायचा विचार आहे. ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ, साधारण दहा वॅट, आत आर्डुइनो नॅनो हा छोटा संगणक-बोर्ड आणि सगळा कोड खुला. पण ज्यांनी वापरलंय ते म्हणतात, त्याचा एकुलता एक नॉब फिरवताना वैताग येतो. मग माझ्यासारख्याने आधीच संगणकाकडे जावं का?

---

गोदाकाठ

जरूर घ्या ते किट. सर्किट डायग्राम हातात घेऊन आत डोकावता येईल असा रेडिओ आज दुर्मीळ आहे, आणि तो आपल्याच देशातल्या माणसाने अख्ख्या जगाला दिलाय याचा मला फार अभिमान वाटतो.

नॉबच्या वैतागाला साधं गणित आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त एन्कोडरला (नॉब किती फिरला ते मोजणाऱ्या भागाला) एका फेऱ्यात २० टिक असतात. एका टिकला १० हर्ट्‌झ धरले तर फेऱ्याला २०० हर्ट्‌झ. आपला ४० मीटर बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे दोन लाख हर्ट्‌झ. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला एक हजार फेरे! टिकला शंभर हर्ट्‌झ केले तर शंभर फेऱ्यांत काम होतं, पण मग आवाज नेमका जुळत नाही, दोन टिकांच्या मधेच राहतो. जोरात फिरवलं की मोठ्या उड्या मारेल असा कोड लिहून लोक मार्ग काढतात. तेही दर वेळी हाताला पटेल असं जमत नाही.

आता टर्नर भाऊंचं हँडव्हील घ्या. १०० पल्स, ए आणि बी अशा दोन लाइन, प्रत्येकीची चढती-उतरती कड मोजली तर फेऱ्याला ४००. टिकला नव्हे, कडेला १० हर्ट्‌झ दिले तर फेऱ्याला ४ किलोहर्ट्‌झ. अख्खा बँड पन्नास फेऱ्यांत, आणि बारकावा दहा हर्ट्‌झचाच. कितीतरी घरगुती रेडिओवाले हेच चाक लावतात. आपल्या सातपूर-अंबडला जुन्या मशिनचे भाग विकणाऱ्यांकडे ते सापडायला हरकत नाही.

---

मखमलाबादची

माझ्या मामांविषयी लिहिते. त्यांना दिसत नाही, आणि ते माझ्या आधीपासून हॅम आहेत.

त्यांची जुनी रिग मी पाहिली आहे. बँडचा स्विच टक-टक मोजत फिरवायचे. व्हॉल्यूमच्या नॉबवर खाच होती. बोट लावलं की खाच किती वाजल्याच्या जागी आहे ते कळायचं. मुख्य म्हणजे त्या जुन्या नॉबला दोन्हीकडे शेवट होता. डावीकडे अडला म्हणजे शून्य. आताच्या नव्या नॉबना शेवटच नाही, गोल गोल फिरत राहतात, आणि कुठे आहोत ते फक्त स्क्रीनला माहीत. तेव्हा नुसता नॉब आहे म्हणून दिसत नसलेल्या माणसाला तो उपयोगी असं समजू नका.

दुसरी गोष्ट धागाकर्त्यांना कदाचित आवडणार नाही. मामांना संगणकाचा त्रास झालाच नाही. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरतात. कॅट केबल जोडली आहे, कळ दाबली की फ्रिक्वेन्सी मराठी उच्चारात का होईना, बोलून सांगते. लॉग पहिल्यांदा ते स्वतः ठेवू लागले, आधी मामी लिहायच्या. केनवुडच्या टीएस-४८० आणि टीएस-५९० ला व्हीजीएस-१ नावाचं जोडकार्ड बसतं, त्याने रिगच स्वतःची फ्रिक्वेन्सी बोलते. तेही छानच.

त्यांना ज्याचा खरा राग आहे ती टचस्क्रीन. सपाट काच. चुकून हात लागला तर काय बदललं ते कळायला मार्ग नाही. एका ओळखीच्यांनी हौसेने नवी रिग दाखवायला आणली, तेव्हा मामा तिच्यावरून हात फिरवत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मोठा नॉब एक नंबर आहे. बाकी दार बंद आहे."

---

गोदाकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ विचार करत होतो. शेवट नसलेल्या नॉबचा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता आणि तो फार मोलाचा आहे. आमच्या संचात आवाज आणि आरएफ गेन तरी साध्या पोटेन्शिओमीटरचे, दोन्हीकडे अडणारे असावेत, हे मी यादीत लिहून टाकलं. रात्री मांडवात अंधार असताना डोळस माणसालाही त्याचा तितकाच फायदा होईल.

मामांना माझा नमस्कार सांगा. संच जमल्यावर त्यांनी हात फिरवून बघावा आणि काय बदलायचं ते सांगावं, अशी विनंती आहे.

---

ओझरकर

विमानांच्या कारखान्यात आयुष्य गेलं, म्हणून दोन ओळी.

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ हे बॉम्बफेकी विमान उतरल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी चाकं वर घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. आल्फोन्स चॅपनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं तर दोन्ही स्विच एकसारखे आणि शेजारी-शेजारी. त्याने चाकांच्या लिव्हरच्या टोकाला छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या लिव्हरला पाचर. हाताला फरक कळला आणि प्रश्न मिटला. आजही प्रवासी विमानात चाकांच्या लिव्हरला चाकाचाच आकार असतो.

अलीकडचं उदाहरण समुद्रातलं. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची जॉन एस. मॅकेन ही विनाशिका आणि एक टँकर यांची टक्कर झाली, दहा नौसैनिक गेले. सुकाणू आणि इंजिनाचा जोर टचस्क्रीनवरून एका टेबलाकडून दुसऱ्याकडे देताना घोटाळा झाला; दोन्ही इंजिनांचा जोर एकत्र कमी करायचा तो एकाचाच झाला. प्रशिक्षणही कमी पडलं होतं, सगळा दोष काचेचा नाही. पण २०१९ मध्ये त्या नौदलाने या वर्गाच्या जहाजांवर हाताने ढकलायचे थ्रॉटल परत बसवायचं ठरवलं.

गोदाकाठ, तुमच्या रिगच्या नॉबना वेगवेगळ्या आकाराच्या टोप्या लावा. आरएफ गेनला खाचांची, आवाजाला गुळगुळीत. अर्ध्या तासाचं काम आहे.

---

इंदिरानगर_४०मीटर

ओझरकर साहेब, टोप्यांची कल्पना लगेच करण्यासारखी आहे.

माझ्या बाजूने एक धोका मीच सांगतो, कारण संचात लॅपटॉप असणार हे ठरल्यासारखं आहे. सीरियल पोर्टच्या आरटीएस किंवा डीटीआर लाइनवरून पीटीटी चालवत असाल तर विंडोज सुरू होताना ती लाइन क्षणभर वर जाऊ शकते आणि रिग आपोआप ट्रान्समिटला जाते. तसंच प्रसारणाचा आरएफ (रेडिओ लहरी) यूएसबी केबलमध्ये शिरला की पोर्ट गोठतो. प्रोग्रॅमला वाटतं पीटीटी सोडली, रिग मात्र वाजतच राहते. एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक स्टेशनं असलेल्या गर्दीच्या नेटवर असं झालं तर सगळ्यांची वाट बंद. उपाय: रिगमधला टाइमआउट टायमर चालू ठेवा, यूएसबी केबलच्या दोन्ही टोकांना फेराइट (लहरी अडवणारी कडी), आणि रिगची वीज तोडणारा स्विच हाताच्या अंतरावर. टर्नर दादांचं लाल बटणच म्हणा.

आणि हो, माझ्या टेबलावरही चाक आलंय. डीजेवाले वापरतात तो छोटा मिडी कंट्रोलर यूएसबीला लावला. काही एसडीआर (संगणकी रेडिओचे) प्रोग्रॅम मिडी सरळ स्वीकारतात. मोठं जॉग व्हील फ्रिक्वेन्सीला, दोन सरकपट्ट्या आवाज आणि फिल्टरला. वॉटरफॉलवर क्लिक करून जवळ जातो, मग चाकाने जुळवतो. काकांचे शेवटचे शंभर हर्ट्‌झ खरे आहेत, हे हाताला कळलं. पण काळा डबा मी सोडणार नाही. घरी मला तोच सोयीचा.

---

गोदाकाठ

घरी जरूर वापरा. माझा आग्रह सिंहस्थाच्या मांडवापुरता आहे, जिथे तीन पाळ्यांत तीन वेगवेगळे लोक बसतील आणि रात्री दोन वाजता कुणी नवखा खुर्चीवर असेल. त्याला प्रोग्रॅमच्या खिडक्या शिकवत बसण्यापेक्षा "हा आवाज, हा गेन, हे फिरव" एवढंच सांगता आलं पाहिजे.

याच कारणाने खिशात मावणाऱ्या रिगनाही माझा मांडवासाठी नकार आहे. याएसूची एफटी-८१७ मला फार प्रिय, पाठीवर टाकून ब्रह्मगिरी चढायला तिच्यासारखी नाही. पण माइक गेनसाठी मेनूत शिरावं लागतं, आणि मेनूत पन्नासच्या वर कलमं आहेत. २०१६ मध्ये आलेल्या आयकॉमच्या आयसी-७३०० सारखी मधली वाट चालेल: थेट सॅम्पलिंग (अँटेनाचा सिग्नल सरळ आकड्यांत बदलणं), छोटी टचस्क्रीन, वॉटरफॉल, आणि तरीही मोठा मुख्य नॉब आणि आवाज-गेनला वेगळे नॉब. काचेवर प्लॅस्टिक ताणून बसवू.

---

नवशिका_हॅम

किट मागवलं! आणि टर्नर दादांच्या ओळखीने शिंगाडा तलावाजवळच्या एका दुकानात हँडव्हीलही मिळालं. जोडलं तर हळू फिरवल्यावर नीट चालतं, भराभर फिरवलं की फ्रिक्वेन्सी मागेपुढे नाचते. मागे सहा स्क्रू आहेत. आणि टिक फार कडक आहेत, बोटं दुखतात.

---

अंबडचा_टर्नर

टिकचं मी सांगतो. मागचं झाकण काढलं की दातेरी चकतीवर दाबणारी छोटी स्प्रिंग दिसेल. ती जरा सैल केली किंवा काढली की चाक लोण्यासारखं फिरेल. उघडताना आतल्या मोजणीच्या चकतीला बोट लावू नकोस, ग्रीसचा डाग पडला की पल्स चुकतात. धूळ नको म्हणून झाकण लगेच बंद कर. स्प्रिंग जपून ठेव.

---

इंदिरानगर_४०मीटर

आधी चाकावरचं लेबल बघ. ५ व्होल्टचं असेल तरच नॅनोला थेट जोड. १२-२४ व्होल्टचं असेल तर त्याचा आउटपुटही तेवढा वर जाऊ शकतो आणि नॅनोची पिन जळेल.

सहा स्क्रू म्हणजे पुरवठा, शून्य, ए, बी आणि दोन उलट्या लाइन. तुला ए आणि बी पुरे, उलट्या दोन मोकळ्या सोड. नाचण्याचं कारण असं की मूळ कोड एन्कोडरच्या पिना अधूनमधून वाचतो. मधल्या वेळात पल्स येऊन गेले तर दिशा चुकते. एन्कोडर ए०, ए१ वर आहे, त्या पिनांना पिन-चेंज इंटरप्ट मिळतो, म्हणजे पिन बदलली की नॅनो हातातलं काम थांबवून लगेच दखल घेतो. मोजणी इंटरप्टमध्ये टाक आणि मुख्य लूपमध्ये फक्त साठलेला आकडा वाच. तार लांब असेल तर शील्डवाली वापर, ए आणि बीपासून ग्राउंडला एकेक नॅनोफॅराडचा कपॅसिटर लाव, नाहीतर ट्रान्समिट करताना चाक स्वतःच फिरल्यासारखं दिसेल. कोड अडला तर इथेच टाक, बघू.

---

नवशिका_हॅम

लेबलवर ५ व्होल्ट आहे. इंटरप्ट टाकला, आता कितीही जोरात फिरवलं तरी आकडा मागेपुढे नाचत नाही, सरळ पुढे जातो. स्प्रिंग काढली. काल रात्री ७.१ च्या आसपास दोघं सायकलच्या टायरविषयी बोलत होते, सव्वा फेऱ्यात त्यांच्यावर पोहोचलो आणि शेवटच्या चतकोर फेऱ्यात आवाज अगदी माणसासारखा झाला. परवाना हातात आला की पहिला कॉल गोदाकाठ काकांना.

---

गोदाकाठ

रोज रात्री साडेनऊला ७.१ च्या आसपास ऐकत असतो. वाट बघतोय. ७३ (आम्हा हॅमवाल्यांच्या शुभेच्छा).